जागा सोडून गायचं गाणं

चैत्र लागला की आमच्या शाळेतल्या बायांना कोकीळ आठवते, कैरीचं पन्हं आठवतं, कुरडया आठवतात. आठवू देत बापड्यांना. मला आठवतं ते अक्काचं गाता गाता मधेच थांबणं, आणि त्या थांबण्यात आम्ही सगळ्यांनी मिळून घातलेला धिंगाणा. यंदाही जळकोटला आमच्या दारातला लिंब मोहोरलाय. त्याला कुणाच्या असण्या-नसण्याचं काही पडलेलं नाही. सकाळी उठावं तर अंगणभर बारीक पांढरा सडा, नाकात तो कडसर गोड वास, आणि रानाच्या पलीकडं हायवेवर हैदराबादकडं निघालेल्या ट्रकांची घरघर. मी तुळजापूरला शाळेत शिकवते. सुट्टी मिळाली की एसटी धरून मायकडं येते. माय ओसरीवर चिंचा फोडत बसलेली असते. चिंचोके एकीकडं, गर एकीकडं, टरफलं पायाशी. "आलीस व्हय," म्हणते आणि पुन्हा बत्ता उचलते.

पूर्वी अशी नव्हती ती. पूर्वी मायचं तोंड बंद करायला देवाला खाली यावं लागलं असतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सरस्वती. माय तिला सरू म्हणायची. आमचं घर धनगराचं. आबा, म्हणजे आमचे वडील, वर्षातले निम्मे महिने मेंढरांमागं असायचे. अशा घरातली पोरगी नर्स व्हायला निघाली तेव्हा भावकीला ते लई दिवस पचलं नव्हतं. सीमेपल्याड कानडी मुलखात एका मिशनच्या दवाखान्याची नर्सिंगची शाळा होती, तिथं ती गेली. तिथल्या चर्चमध्ये दर गुड फ्रायडेला एक गाणं व्हायचं. मोटेट म्हणतात त्या प्रकाराला. चार-पाचशे वर्षांमागं युरोपातल्या कुण्या माणसानं देवळात म्हणण्यासाठी बांधलेलं, लॅटिन भाषेतलं, चार आवाजांचं गाणं. पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे. शाळेची परदेशी सिस्टर ट्यूटर लई कडक होती म्हणे. गाणाऱ्या मुली कमी पडायच्या, म्हणून तिनं जातधर्म न बघता ज्यांचा गळा सुरात त्यांना धरून उभं केलं. अक्काच्या वाट्याला दुसरा आवाज आला. वरचा नाही, खालचाही नाही, मधला. ऐकणाऱ्याचं ज्याच्याकडं सहसा लक्षच जात नाही तो. अक्काच्या नशिबाला तो बरोबर शोभला, असं मला नेहमी वाटत आलंय.

पहिल्या सुट्टीला ती आली तोही चैत्रच. आबांनी मेंढरं नळदुर्गच्या बाजूला कुणाच्या तरी रानात बसवली होती. ज्वारी निघून गेलेलं उघडं रान, धसकटं, लोकरीचा आणि लेंड्यांचा तो उबट वास, तीन दगडांवर उकळणारा बिनदुधाचा चहा. मी परकर-पोलक्यातली. आबा म्हणाले, "म्हण की गं सरे, काय शिकलीस तकडं." अक्का उभी राहिली, हात मागं बांधले आणि गायला लागली. आवाज थोडा वर चढला, तिथंच घोटाळला, उतरला आणि मधेच बंद झाला. आम्हाला वाटलं, संपलं. मी टाळ्या पिटल्या. अक्कानं डोळे वटारले, जराशानं पुन्हा सुरू केलं.

आबा ओव्यांच्या मेळ्यात झील धरायचे. पुढचा गडी ओवी उचलतो, आणि मागचे त्याची ओळ धरून लांबवर नेतात, ते झीलकरी. आबा जन्मभर मागच्या रांगेतले. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि विचारलं, "ही तर झील हाय गं. म्होरं कोन गातंय?"

"म्होरं कुनीच न्हाय, आबा. समदेच झील धरत्यात."

"आन मग उचलतंय कोन?"

"एकमेकाचं ऐकून उचलायचं."

आबांना ते फार आवडलं. "म्हंजी समदे आमच्यावानीच की!" म्हणाले आणि मांडीवर थाप मारून हसले. माय मात्र चुलीपुढनं ओरडली, "ह्ये काय गानं म्हनायचं? कुनाच्या मयताला गेल्यागत वाटतंय!" तिचं काही चुकलं नव्हतं. ते मयताचंच गाणं होतं. देवाच्या लेकराला मारलं त्या दिवसाचं.

पुढं अक्का सरकारी दवाखान्यांतून सिस्टर म्हणून फिरली. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. जखम धुताना, टाक्यांचं सामान उकळताना, अडलेल्या बाईच्या पाठीवरनं हात फिरवताना ती आपली तीच मधली ओळ गुणगुणायची. वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना वाटायचं, सिस्टरबाई कसला तरी मंत्र म्हणतात, आराम पडतो. एकाच गाण्याचा चौथा हिस्सा घेऊन बाई जन्मभर फिरली आणि तिला कधी ते अपुरं वाटलं नाही, याचं मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

नोकरी संपवून ती मायपाशी राहायला आली, तोवर आबा गेले होते. दोघींचं बरं चाललं होतं. रोज भांडायच्या आणि रोज एका ताटात जेवायच्या. मग एका वर्षी शिमगा झाला आणि अक्का न्हाणीत पडली.

लकवा. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचा गेली. सोलापूरच्या दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिच्याकडं एवढंच शिल्लक होतं, "ते… ते… ते…" पाणी पाहिजे असलं तरी ते, कूस बदलायची असली तरी ते, राग आला तरी ते. डोळ्यांत मात्र सगळं शाबूत. जिनं लोकांच्या लकव्याच्या म्हाताऱ्या जन्मभर उलथ्यापालथ्या केल्या, तिला आपल्याला काय झालंय ते नीट कळत होतं, आणि तेच बघवत नव्हतं.

मायचा एकच ध्यास. ऐंशीच्या घरातली बाई, लेकीच्या तोंडासमोर तोंड न्यायची आणि दातांविनाच्या ओठांचा चंबू करून म्हणायची, "म्हन सरू, मा… य. येकदाच म्हन. माय." तान्ह्या लेकराला शिकवावं तसं. अक्काच्या कपाळाच्या शिरा तटतटायच्या. "ते… ते…" आणि डोळ्यांतून पाणी. मी म्हणायची, "माय, नको गं तिला छळू." माय म्हणायची, "छळतीया कोन? म्या काय खजिना मागतीया व्हय? हाक मागतीया." दुसरं काही तिला नकोच होतं. हात हलला नाही तरी चालेल, पाय उचलला नाही तरी चालेल. मरायच्या आधी लेकीच्या तोंडून एक हाक ऐकायची होती.

डॉक्टर म्हणाले होते, बोलणं गेलं तरी कधी कधी गाणं राहतं. बोलायची जागा मेंदूत वेगळी, गाण्याची वेगळी. गाऊ द्या, त्यातनं एखादा शब्द परत येईलही. मायनं तेवढंच धरून ठेवलं. अंगाई म्हटली, आरती म्हटली, देवीची पदं म्हटली. अक्कानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

आणि पाडव्याला ती गायली.

गुढी उभी केली होती. माय लिंबाचा कोवळा पाला आणि गूळ वाटून वाटीत घेऊन बसली होती आणि अक्काच्या जिभेला लावत होती. बाहेर लिंबावर मोहोर, घरात साखरेच्या गाठीचा वास. अक्कानं कडू तोंड केलं, गिळलं, आणि एकाएकी ती मधली ओळ तिच्या तोंडातून निघाली. शब्दांसकट! तोंड वाकडं, आवाज फाटका, पण लॅटिनचा एकेक शब्द जागच्या जागी. मायच्या हातातली वाटी पडली. "बोल्ली! माजी सरू बोल्ली!" करत ती अंगणात धावली. अक्का थांबली होती. तिचा चांगला हात खाटेच्या लाकडावर होता आणि एक बोट हळूहळू टेकत होतं. मला वाटलं, झटका येतोय.

मायच्या हाकेवर पहिली धावत आली ती गोदामावशी. गोदामावशी आमच्या गल्लीतल्या, देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधणींच्या मेळ्याची म्होरकी. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर मळवट, आवाज असा की बांधावरनं हाक मारली तर शिवारापल्याडची म्हैस वळेल. माय याच मेळ्यात तिच्या मागं झील धरायची. मावशी दारात उभी राहिली तेवढ्यात अक्कानं पुढचं उचललं. मावशीनं ऐकलं, कानाला हात लावले आणि म्हणाली, "ह्ये मानसाचं बोलनं न्हाय. येडाई बोलतीया."

झालं!

मायचं माहेर येरमाळ्याकडचं, तिथली येडेश्वरी, म्हणजेच येडाई, तिचं लहानपणापासूनचं दैवत. तिला दुसरा पुरावा कशाला पाहिजे? दुसऱ्या दिवसापासून घरात नारळ यायला लागले, खण यायला लागले, हळदी-कुंकवानं अक्काची खाट भरायला लागली. अक्का गायची आणि थांबली की मावशी सांगायची, "थांबली बगा. देवी इच्यार करतीया. इच्यारा काय इच्यारायचं त्ये." मग बोअरला पाणी लागेल का, पोरीचं जमेल का, कोर्टाचा निकाल कुणीकडं जाईल, असला बाजार त्या शांततेत भरायचा. अक्का पुन्हा सुरू झाली आणि सूर वर गेला की हो, खाली आला की नाही. एका माणसाला तिनं जमीन विकू नको असं सांगितलं म्हणे. बिचारीला पाणी मागता येत नव्हतं.

मी आले की भांडायची. शाळेतलं सगळं शहाणपण त्या ओसरीवर ओतायची. लोकांना बाहेर काढायची, तोंड सोडायची. एकदा मायला म्हणाले, "तुझी लेक आजारी आहे आणि तू तिचा देव्हारा केलास!"

माय चिडली नाही, हेच वाईट झालं. हळू आवाजात म्हणाली, "इंदे, तुला काय जातंय गं? त्वा पुस्तकं शिकलीस. देवी बोलू दे न्हायतर भूत बोलू दे. तिचा आवाज माज्या कानावर पडतुया. आज गानं आलं, उद्या हाक यील."

मी गुढीची वाळलेली गाठ तोडून खाल्ली आणि बसची वेळ झाली म्हणून निघाले.

येरमाळ्याची यात्रा चैत्री पुनवेला. मायनं नवस बोलला होता, सरूला घेऊन येते म्हणून. मी नको नको म्हणत होते, आणि तरी जीपमध्ये अक्काचं डोकं मांडीवर घेऊन मीच बसले होते. तो फुफाटा मी विसरणार नाही. तुळजापूर, धाराशिव मागं पडलं आणि पुढं नुसती माणसं. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरनं खाली आमराईकडं निघते, आणि वाटेतल्या रानात लोक चुनखडीचे खडे वेचतात. काळ्या मातीतनं पांढरा खडा शोधायचा, कपाळाला लावायचा, ढिगावर टाकायचा. थोरामोठ्यांनी टाकला काय, लेकरानं टाकला काय, खडा तेवढाच. हजारो माणसं वाकलेली, धूळ उडतीय, संबळ वाजतोय, वर ऊन आग ओकतंय.

अक्काला आंब्याखाली चादर टाकून भिंतीगत उशा लावून बसवलं होतं. मायनं एक खडा आणून तिच्या चांगल्या हातात ठेवला आणि मूठ मिटवली. गोदामावशीनं मेळा भोवती उभा केला. तुणतुणं थांबवलं, संबळ थांबवला, हात वर केला. लोक जमले. अक्कानं सगळ्यांकडं एकदा बघितलं. खरं सांगू का, त्या क्षणी तिच्या डोळ्यांत आनंद होता. एवढी माणसं रांगेनं उभी, गाण्यासाठी उभी राहतात तशी, सगळी गप्प. तिनं सुरू केलं. नेहमीपेक्षा नेटानं, वाकड्या ओठांची पर्वा न करता. आणि त्या जागेवर येऊन थांबली. बोट मुठीतल्या खड्यावर टेकायला लागलं, मान जरा डावीकडं वळली.

"आई राजा उदो उदो!"

सगळा मेळा एकदम ओरडला. संबळ कडाडला, हळद उधळली गेली, बाया घुमायला लागल्या. अक्कानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. ती काहीतरी शोधत होती आणि ते तिथं नव्हतं. मग तिनं हातातला खडा जीव खाऊन फेकला. तो गोदामावशीच्या कपाळाला लागला, रक्त आलं. मावशीनं ते प्रसाद म्हणून भाळी फासलं! मला तिथं मोठ्यानं रडावं की हसावं, तेच कळेना.

त्या दिवसानंतर अक्का गायली नाही. "ते ते"ही बंद. तोंड मिटलं ते मिटलंच. चमचा नेला तर दात आवळायची. नारळवाले दोन-चार दिवस येऊन परत गेले. गोदामावशी म्हणाली, देवी रुसली. माय खाटेपाशी भुईवर बसून राहायची, लेकीच्या पायांना धरून. एका दुपारी मला म्हणाली, "इंदू, म्या तिचं तोंड बंद केलं. व्हतं तेवडंबी म्याच घालवलं." मी नाही म्हणाले नाही. माझ्याच्यानं म्हणवलं नाही.

अक्काच्या मोबाइलमध्ये एक नाव होतं, 'एस्तेर सोलापूर'. नर्सिंगच्या शाळेतली तिची मैत्रीण, एवढंच मला माहीत. मी फोन लावला आणि अक्काला काय झालंय ते सांगितलं. गाण्याचंही सांगितलं. पलीकडनं बाईंनी गाव आणि फाटा विचारून घेतला. मग बाई म्हणाल्या, "उद्या येते. फाट्यावर कुणी थांबा."

एस्तेरबाई उमरग्याच्या एसटीतून उतरल्या तेव्हा छत्रीचीच काठी करून टेकत होत्या. गुडघे गेलेले, पांढरी सुती साडी, चापूनचोपून बांधलेला अंबाडा, रिटायर होऊनही मेट्रनचा रुबाब. घरात आल्या त्या आधी अक्काची पाठ उघडून बघितली, पडून पडून व्रण झाले नाहीत ना ते. मग चहा घेता घेता मी त्यांना ते थांबणं सांगितलं, मावशीचं सांगितलं, यात्रेचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे तुम्ही मधे बोलता?"

"ती थांबते ना. विसरते."

"विसरतीय कुठली!" बाई कडाडल्या. "अहो, तिथं आमचा आवाज असतो! ती आमच्यासाठी थांबते. बोटानं मात्रा धरते, आमचं झालं की येते. आणि तुम्ही तिथं नारळ फोडता!"

माय कोपऱ्यात होती. तिनं ऐकलं. जन्मभर झील धरलेल्या बाईला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिनं पदर तोंडात कोंबला.

एस्तेरबाई खाटेपाशी खुर्ची ओढून बसल्या. "सरस्वती," म्हणाल्या, "हात मागं घे. ट्यूटर बघतीय." अक्कानं डोळे उघडले. बाईंनी घसा खाकरला आणि वरचा आवाज लावला. म्हातारा, कापरा, मधेच फाटणारा. पत्र्याखाली उन्हानं जीव नकोसा झालेला. त्यांची ओळ चढत गेली आणि वळली, आणि अक्काचं बोट लाकडावर टेकायला लागलं. टेकत राहिलं. मग मिटलेलं तोंड उघडलं आणि बाईंच्या ओळीच्या शेपटाला धरून अक्का आत आली.

मी ते गाणं लहानपणापासून ऐकत होते आणि त्या दुपारी पहिल्यांदा ऐकलं. जिथं मला ती घोटाळते असं वाटायचं तिथं ती घोटाळत नव्हती, वरच्या आवाजाला वाट करून देत होती. जिथं ती उगाच लांबवतेय वाटायचं, तिथं तिच्या आधारावर दुसरी उभी होती. आणि मग एका जागी दोघीही थांबल्या. मी तोंड उघडलं तशी एस्तेरबाईंनी बोट वर केलं. दोघी माना खाली घालून थांबल्या, दोघींची बोटं टेकत होती, आणि दोघींनी एकदमच पुढचं उचललं.

संपल्यावर मी विचारलं, "तिथं काय होतं?"

"तिथं पुरुषांचे आवाज. कंपाउंडर आणि गाडीचा ड्रायव्हर. दोघंही गेले केव्हाच." बाईंनी चष्मा पुसला. "म्हणून काय झालं? त्यांची जागा सोडावीच लागते. नाहीतर पुढं सगळंच चुकतं."

त्यानंतर शनिवारच्या एसटीनं बाई यायच्या. माय त्यांच्यासाठी भाकरी थापून ठेवायची, ठेचा करायची, चिंचेचं सार करायची. अक्का खायला लागली. दोघी गायच्या. माय उंबऱ्याला टेकून ऐकायची आणि तिचे ओठ हलायचे. लॅटिन तिला कुठलं यायला, नुसता आ लावून ती बाईंची ओळ मागं मागं न्यायची. झील धरायची सवय, दुसरं काय. गोदामावशीही एकदा येऊन बसली, कपाळावरची खूण घेऊन. मध्ये एक अक्षर बोलली नाही. जाताना म्हणाली, "येडाई नसंल तर नसंल बाई. पर हाय कोनतरी."

हाक मात्र आली नाही. प्रत्येक शनिवारी गाणं झालं की माय पुढं सरकायची. "सरू, माय म्हन." अक्का तोंड उघडायची, आत काहीतरी हलायचं, ओठ एकमेकांना लागायचे. लागलेच होते, मी बघितलंय. आणि मग "ते." माय तिचं तोंड पुसायची आणि म्हणायची, "ऱ्हाऊ दे. म्होरल्या शनवारी."

वैशाखात, आमच्याकडं पाण्याचे टँकर सुरू झाले त्या आठवड्यात, अक्काला दुसरा झटका आला. सोलापूरला नेताना नळदुर्गच्या अलीकडं ॲम्ब्युलन्समध्ये ती गेली. मी जवळ होते. माय नव्हती, गाडीत जागा नव्हती म्हणून तिला घरीच ठेवलं होतं. अक्का काही बोलली का, हे मायनं मला विचारलं. नाही म्हणाले. खोटं बोलायला पाहिजे होतं असं बऱ्याच जणी म्हणतात. मायशी खोटं बोलणं सोपं नाही. तिला सूर लगेच कळतो.

तेराव्याला एस्तेरबाई आल्या. कुणीतरी म्हणालं, ते गाणं म्हणा की, सिस्टरांच्या आत्म्याला बरं वाटेल. बाई म्हणाल्या, "एकटीनं म्हणायचं गाणं नाही ते," आणि छत्री उचलून फाट्याकडं निघाल्या. पुढं त्यांच्या गुडघ्यांनी एसटीची पायरी चढणं सोडलं. माय गप्प झाली ती तेव्हापासून. मेळ्यात गेली नाही, झील धरली नाही. माणसाला एवढं गप्प बसता येतं हे मला माहीत नव्हतं, निदान आमच्या घरातल्या माणसाला.

मी अजून रागावलेली आहे. कुणावर, ते नीट सांगता येत नाही. गोदामावशीवर म्हणावं तर तिच्या कपाळावरची खूण दिसते. देवीवर म्हणावं तर तिनं काय केलं? मी वर्गात पोरांना सांगते, दुसरा बोलत असताना मधे बोलू नये. पोरं मान हलवतात. पण समोरचा गप्प असतानाही कधी कधी बोलू नये, हे कसं शिकवायचं? ते कुठल्या इयत्तेत येतं? आपल्याकडं शांतता दिसली की ती भरायची घाई. कुणी आरोळी देऊन भरतं, कुणी औषध सुचवून, मी भांडून भरते.

परवाची गोष्ट. लिंबाखाली सडा पडलेला. ऊन तापायला लागलेलं. मी ओसरीवर उत्तरपत्रिका तपासत होते, माय चिंचा फोडत होती. बत्त्याचा टक टक आवाज, आणि त्यातनं हळूच दुसरा आवाज यायला लागला. मी पेन ठेवलं. माय गात होती. एस्तेरबाईंची वरची ओळ, शब्दांविना, नुसता आ. दात नसलेल्या तोंडातून हवा सुटत होती, पण वळणं सगळी बरोबर. इतक्या दिवसांनी घरात ते सूर आले. तिची ओळ चढली, वळली, उतरली आणि थांबली.

माय तशीच बसली. बत्ता हातात, नजर अंगणात. मला वाटलं, दम लागला असेल. म्हातारं माणूस. भरून आलं असेल.

"माय, पानी देऊ का गं?" मी म्हणाले. "इसरलीस व्हय पुढचं?"

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. चिंचेनं चिकट झालेला हात नुसता वर केला.

"बोलू नगंस मधी. सरूचं चाललंय."

मी कान देऊन ऐकलं. लिंबावर कावळा होता, हायवेला ट्रक जात होता, दुसरं काही मला ऐकू आलं नाही. मायचं बोट बत्त्याच्या दांड्यावर हळूहळू टेकत होतं. मग टेकायचं थांबलं, आणि मायनं पुढचं उचललं.